दीड ते दोन इंचांची मुभा: ग्लोफोर्ज प्लसवर जाड लाकूड कोरताना

सिएटलच्या ग्लोफोर्ज कंपनीचे प्लस हे लेझर किरणांनी कापणारे आणि कोरणारे यंत्र पातळ प्लायवूड, चामडे आणि अ‍ॅक्रिलिक यांवर उत्तम काम करते, हे सर्वश्रुत आहे. घराच्या दारावर लावायची इंचभर जाडीची सागवानी पाटी त्यावर कोरता येते का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

उत्तर होकारार्थी आहे, पण त्यासाठी यंत्राची रचना समजून घ्यावी लागते. यातील जाळीदार ट्रे जागेवर असताना अर्ध्या इंचापेक्षा जाड वस्तू आत ठेवता येत नाही. ट्रे काढल्यास दोन इंचांपर्यंत जागा मिळते. तथापि तळ वर-खाली होत नसल्याने आणि किरणे एकवटणाऱ्या भिंगाची हालचाल अर्ध्या इंचाच्या आसपासच असल्याने वस्तूचा पृष्ठभाग तळापासून साधारण दीड ते दोन इंचांच्या पट्ट्यातच असावा लागतो. म्हणजेच इंचभर जाडीची पाटी थेट तळावर ठेवून भागत नाही. तिच्याखाली पाऊण इंचाचे एकसारखे ठोकळे द्यावे लागतात. ठोकळे एमडीएफच्या (लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या) एकाच फळीतून कापलेले असावेत आणि पाटीच्या चारही कोपऱ्यांची उंची कॅलिपर या अचूक मापकाने मोजून घ्यावी, कारण एका बाजूला थोडा जरी उतार राहिला तरी तिकडची अक्षरे धूसर उमटतात. सॉफ्टवेअरमध्ये जाडी भरताना तळापासूनच्या एकूण उंचीतून ट्रेची उंची वजा करायची असते. हा हिशेब नीट झाला नाही, तर झाकणावरच्या कॅमेऱ्यात दिसणारी जागा आणि प्रत्यक्ष कोरली जाणारी जागा यांत फरक पडतो.

कोरीवकामाचा दर्जा मात्र मनापासून वाखाणण्याजोगा आहे. चाळीस वॅटच्या कार्बन डायऑक्साइड लेझर नळीची किरणे सागवानावर दाट तपकिरी रेघ उमटवतात, आणि शिरोरेषा सलग, कडा स्वच्छ येतात. सागवानाच्या वार्षिक वलयांतील मऊ आणि कठीण भाग सारखे कोरले जात नाहीत, त्यामुळे मोठ्या ठळक अक्षरांच्या पोटात किंचित लाटा दिसतात. हा यंत्राचा नव्हे, लाकडाचा स्वभाव आहे. खोली वाढवायची असल्यास एकदाच गती फार कमी करण्यापेक्षा मध्यम गतीने दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे ‘ष’ आणि ‘क्ष’ यांच्या आतल्या बारीक जागा जळून काळ्या होत नाहीत. कागदी मास्किंग टेप लावून कोरल्यास धुराचे डाग लाकडाऐवजी टेपवर राहतात. देवनागरी मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून त्याचे पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृतींमध्ये, रूपांतर करावे आणि एसव्हीजी प्रकारची चित्रफाइल यंत्राला द्यावी. मग जोडाक्षरे फुटण्याचा प्रश्नच राहत नाही.

हे यंत्र इंटरनेटशिवाय काम करत नाही, हे विकत घेण्याआधी ध्यानात ठेवावे. धुराची नळी खिडकीबाहेर काढणे किंवा धूर गाळणारे फिल्टर जोडणेही अनिवार्य आहे, आणि जाड असो वा पातळ, पीव्हीसी प्लास्टिक यात कधीच घालू नये, कारण त्यातून क्लोरीनयुक्त वायू बाहेर पडतो.

अधूनमधून दोन-चार पाट्या करणाऱ्याला ठोकळ्यांची ही खटपट जड जाणार नाही. ज्यांचा रोजचा व्यवसायच जाड लाकडाचा आहे, त्यांनी मात्र मोटरने वर-खाली होणारा तळ असलेले यंत्र पाहावे; चौरंगासारख्या दोन इंचांहून उंच वस्तूंना प्लसमध्ये जागाच नाही.