त्या व्हिडिओतली मुलगी मीच आहे, पण माझा पीसीओएस गेलेला नाही

गुलाबी पडद्यापुढे बसून ‘पाळी आली, खूप बरं वाटतंय’ असं सांगणाऱ्या मुलीचा व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, तर ती मुलगी मी आहे. त्याखाली ‘९० दिवसांत पीसीओएस मुळापासून नाहीसा’ असं लिहिलंय, ते मात्र मी कधीच म्हटलेलं नाही. पीसीओएस म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, लोक त्याला पीसीओडीही म्हणतात. व्हिडिओ काढून टाका असं लेखी कळवूनही तो फिरतोच आहे. परवा पेडण्याच्या माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीने तो बघून पैसे भरायची तयारी केली होती, म्हणून हे लिहायला बसले. ज्या उपचार केंद्राने हा व्हिडिओ केला त्याचं नाव घालत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय नाव ते बदलतातच, पद्धत तीच ठेवतात.

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावात, देवळाच्या सभागृहात त्यांनी ‘मोफत पीसीओडी तपासणी शिबिर’ भरवलं होतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नुकतीच होऊन गेली होती. महिला मंडळातल्या ओळखीच्या बायकांनीच बोलावलं होतं, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. टेबलावर लॅपटॉप आणि त्याला वायरीने जोडलेली एक धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन विचारून लॅपटॉपमध्ये भरायचं, मग कांडी मुठीत धरून मिनिटभर गप्प बसायचं. लगेच प्रिंटरमधून पानंच्या पानं बाहेर. यकृत, किडनी, हाडं, ‘हार्मोन बॅलन्स’, अंडाशय, सगळ्याचे टक्के. माझं अंडाशय लाल रंगात होतं. माझ्यापुढच्या बाईचंही लाल, मागचीचंही लाल.

हार्मोनचं मोजमाप रक्तातून होतं. मुठीत कांडी धरून इन्सुलिन किंवा टेस्टोस्टेरॉन कळत नाही, थायरॉईडही कळत नाही. ते यंत्र कसलं होतं हे पुढे माझ्या चुलतभावाने सिद्ध केलं. दुसऱ्या गावातल्या शिबिरात तो मुद्दाम गेला. टेबलावरच्या मुलीचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, तेव्हा फॉर्मवर त्याने स्वतःच ‘स्त्री’ या रकान्यात खूण करून दिली आणि कांडी धरली. त्याच्या गर्भाशयाला सूज असल्याचा अहवाल आमच्या घरी जपून ठेवलेला आहे. तो आता तक्रारीच्या कागदपत्रांत लावलाय.

पण यंत्राने मला पकडलं नव्हतं. पकडलं ते त्यांच्या ‘काउन्सेलर मॅम’ने. त्याआधी मी एका खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या कागदावर नजर टाकली, ‘वजन उतरव, लग्न कर, सगळं ठीक होईल’ एवढंच म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. हनुवटीवर येणारे केस, मानेवरचा काळा पट्टा, महिनोन् महिने न येणारी पाळी आणि आली की थांबायचं नाव न घेणारी, यातलं काहीही सांगायला जागाच मिळाली नाही. या मॅमनी मात्र पंखा माझ्याकडे वळवला, पाण्याचा ग्लास दिला आणि तासभर मला बोलू दिलं. मध्येच हातावर हात ठेवला. ज्या बाईचं इतके दिवस कुणी ऐकलेलं नाही, तिला ऐकून घेणारा माणूस देवासारखा वाटतो. हे त्यांना नीट ठाऊक असतं आणि त्यांचा सगळा धंदा त्याच तासाभरावर उभा आहे. औषध नंतर येतं.

सगळं ऐकून झाल्यावर त्या आईकडे वळल्या. ‘सोयरीक बघताय ना? सासरी गेल्यावर कळलं तर?’ आईचा चेहरा उतरलेला बघूनच पुढचं वाक्य आलं: एक रक्ताची तपासणी करू, एएमएच नावाची. ती त्यांच्याच ओळखीच्या लॅबमध्ये झाली. आकडा जास्त आला आणि मॅमनी तो दाखवून सांगितलं, ‘अंडी संपत चाललीत. आता नाही तर कधीच नाही.’ हे धडधडीत खोटं होतं. बीजांडांचा साठा कमी होतो तेव्हा एएमएच कमी येतो. पीसीओएसमध्ये तो बहुतेक वेळा वाढलेलाच असतो, कारण अंडाशयात लहान लहान, पुरती न वाढलेली पुटकं जास्त असतात. म्हणजे ज्या आकड्यावरून त्यांनी आम्हा दोघींना घाबरवलं, तो आकडा नेमकं उलटं सांगत होता. कुणी तुम्हाला एएमएचचा कागद दाखवून घाई करायला लागलं, तर एवढंच विचारा की कमी आहे की जास्त, आणि त्याचा अर्थ काय. उत्तर देताना तोंडं कशी होतात ते बघा.

पॅकेज ३८,५०० रुपयांचं. एवढे पैसे जवळ नाहीत म्हटल्यावर ‘बिनव्याजी हप्ते’ पुढे आले. माझ्याच मोबाइलवर एक अ‍ॅप उतरवलं, पॅन आणि आधारचे फोटो काढले, ओटीपी आले, ते मॅमनी वाचून स्वतःच घातले. ‘बिनव्याजी’त प्रोसेसिंग फी होतीच. खरी मेख मात्र वेगळी होती. कर्ज माझ्या नावावर आणि रक्कम सरळ केंद्राच्या खात्यात. औषध देवोत न देवोत, केंद्र राहो न राहो, हप्ता माझ्या खात्यातून कापला जाणारच. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत सुरुवातीची एक मुदत ठेवलेली आहे. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. कर्जाची सगळी माहिती एका पत्रकात देणंही बंधनकारक आहे. ते पत्रक मला कुणी दाखवलं नाही. अ‍ॅपच्या कुठल्याशा कोपऱ्यात ते होतं, हे मुदत संपल्यावर सापडलं.

औषध म्हणजे पुड्या. चंदेरी कागदाच्या, सकाळची हिरव्या पट्टीची, रात्रीची लाल पट्टीची. घटक नाहीत, उत्पादन परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, कोणी बनवलं तेही नाही. विचारलं तर ‘फॉर्म्युला गुप्त आहे’. शिवाय आहाराचा कागद: भात बंद, पाव बंद, दूध बंद, मासे आठवड्यातून एकदा. आमच्या घरात भाताशिवाय जेवण म्हणजे उपासच. आई बिचारी माझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या थापत राहिली. आणि त्या कागदाच्या तळाशी ‘इतर सर्व गोळ्या बंद’. मी थायरॉईडची गोळी घेते, ती त्यांना पहिल्याच दिवशी सांगितली होती. ‘ती पण सोडा, आमच्या पावडरीत सगळं आहे.’ या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग येतो तो या वाक्याचा. पैसे गेले ते गेले, पण चालू असलेली थायरॉईडची गोळी कुणा अडाण्याच्या सांगण्यावरून थांबवणं म्हणजे आजारात भर. मला थकवा यायचा, अंग सुजल्यासारखं वाटायचं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर यायचं, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगली खूण आहे’.

मग एकदा पाळी आली. माझ्यासारखीला ती अधूनमधून आपली आपणच येते, लांबते म्हणून कायमची बंद होत नाही. पण त्यांनी लगेच पडदा लावला, मोबाइल उभा केला. मी जे बोलले ते वर लिहिलंय. बाकी सगळं त्यांनी जोडलं. या धंद्याचा पाया इथे आहे. पीसीओएसमध्ये पाळी कधी ना कधी येणार असतेच, त्यामुळे पुरेसा काळ धरून ठेवलं तर प्रत्येक बाईच्या बाबतीत ‘गुण आला’ असा एक दिवस मिळतो. त्या दिवशी कॅमेरा तयार ठेवायचा. पुढे पुन्हा महिने कोरडे गेले, त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. उलट ‘लेव्हल टू’ पॅकेज घ्या म्हणाले. मी नकार दिल्यावर मॅमचा नंबर लागेनासा झाला, आणि साखळीतल्या त्यांच्या गाळ्याला कुलूप दिसलं.

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत मी गेले ती शेजारच्या नर्सवहिनीच्या आग्रहाने. मनातून मी कंटाळलेली होते. कदंबच्या बसने जायचं, रांग लावायची, केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं. आत ज्या डॉक्टर होत्या त्यांच्याकडे तासभर नव्हता, दहाएक मिनिटं असतील. पण पहिला प्रश्न त्यांनी वजनाचा नाही विचारला. ‘झोप लागते का, बाय?’ असं विचारलं. मग शेवटच्या काही पाळ्यांच्या तारखा, मग केस, मान, घरात कुणाला मधुमेह आहे का. रक्तदाब आणि कंबरेचा घेर मोजला. पुड्या बघितल्या, हसल्या नाहीत, मला रागावल्याही नाहीत. थायरॉईडची गोळी त्याच दिवसापासून सुरू करायला लावली आणि थायरॉईडची टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि साखर पिऊन दोन तासांनी करायची तपासणी लिहून दिली. त्या म्हणाल्या, पीसीओएस ठरवायला तीन गोष्टी बघतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं रूप. यातल्या दोन असायला हव्यात, आणि थायरॉईडसारखी दुसरी कारणं आधी बाजूला काढायला हवीत. एकट्या सोनोग्राफीवर कुणाच्या कपाळावर शिक्का मारता येत नाही. ‘गाठी’ म्हणतात त्या खऱ्या गाठी नसतातच.

मग त्यांनी ते सांगितलं जे केंद्राने कधीच सांगितलं नव्हतं: हे मुळापासून जाणार नाही, सांभाळता मात्र येतं. पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पुढे जाऊन त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून गोळी देऊन ठरावीक अंतराने पाळी आणायची. साखरेसाठी मेटफॉर्मिन दिलं, ते जेवणाबरोबर घ्यायचं, सुरुवातीला पोट बिघडेल हेही आधीच सांगितलं, आणि ते बिघडलंच. हनुवटीच्या केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर थ्रेडिंग करायला काही हरकत नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. भात सोडायची गरज नाही, ताटात तो थोडा कमी आणि भाजी-मासे जास्त. आईने ‘मूल होईल ना?’ विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, बहुतेकींना होतं, गरज लागली तर बीजांड तयार होण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत, पण लग्न हा काही औषधाचा भाग नाही. आई परतीच्या बसमध्ये बराच वेळ गप्प होती आणि मग एकदम म्हणाली, ‘बरी आहे बाई.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या १३ टक्क्यांपर्यंत स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंतच्यांचं निदानच झालेलं नसतं. एवढं मोठं गिऱ्हाईक, त्यात लाज, लग्नाचं ओझं आणि डॉक्टरांची घाई. ही केंद्रं उगवणार नाहीत तर काय! आयुर्वेदावर माझा राग नाही हेही सांगून टाकते. त्या मार्गाने जायचं तर शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला २०२२मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झालीय. तिथल्या वैद्याला नोंदणी क्रमांक विचारला तर कुणाला राग येत नाही. आमच्या मॅमच्या नावापुढे ‘डॉ.’ होतं, क्रमांक विचारला तेव्हा त्यांनी भिंतीवरचं ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र दाखवलं.

कायदा जुनाच आहे, मला माहीत नव्हता. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या तिसऱ्या कलमात पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच मनाई आहे. म्हणजे ‘पाळी नियमित करणारी पुडी’ अशी पत्रिका दारात आली, तर ती पत्रिकाच पुरावा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी न फोडलेल्या पुड्या, पत्रिका आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या बांबोळीच्या कार्यालयात तक्रार दिली. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथली चौकशी १४४४८ वर होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथल्या माणसाने मला तक्रार कशी मांडायची हे इतकं नीट सांगितलं की वकील न लावताच आयोगाकडे अर्ज केला. हप्ते मात्र मी थांबवले नाहीत, चुकवले तर पुढे कुठलंही कर्ज मिळणं अवघड होईल म्हणून.

डिचोलीच्या दोघी आणि वाळपईची एक अशा तिघी आता माझ्याबरोबर आहेत. त्यातल्या एकीकडे पावतीच नव्हती, पण तिने पैसे यूपीआयने दिले होते, ते बँकेच्या उताऱ्यात दिसतं आणि तेवढं चालतं. दुसरीची पावती थर्मल कागदावरची होती, तिची अक्षरं उडून कागद कोरा झालाय. तुमच्याकडे तसली पावती असेल तर तिची आजच झेरॉक्स काढून ठेवा.