सहा रविवार आणि विन्स्टनचे डोळे

पुण्यातल्या एका छोट्या वाचनालयाने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवर घेतलेला सहा रविवारांचा वाचनवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क १,८०० रुपये होते, पुस्तक आपापले आणायचे होते आणि महाविद्यालयीन मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत आम्ही बाराजण होतो. डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीच्या भयावह समाजाचे चित्र रंगवणाऱ्या, कादंबरीचा अभ्यास म्हटला की चर्चा हुकूमशाही, पाळत आणि प्रचार यांवरच रेंगाळते. या वर्गाने मात्र ही गोष्ट आपल्याला कोणाच्या डोळ्यांनी दिसते, या एकाच प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, आणि म्हणून तो मला फार मोलाचा वाटला.

रीत अगदी साधी होती. ठरवून दिलेल्या पानापर्यंतच वाचून यायचे, पुढे डोकवायचे नाही, आणि चर्चेला तोंड फुटण्याआधी पुढे काय घडेल व ते कशावरून वाटते हे दोन ओळींत कार्डावर लिहून ते पाकिटात बंद करायचे. पुढच्या रविवारी पाकीट उघडले की मार्गदर्शक बाई अंदाज बरोबर आला की चुकला याला फारसे महत्त्व देत नसत; ‘कशावरून’ची ओळ मोठ्याने वाचून त्या विचारत, “हे तुम्हाला कोणी सांगितले?” उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघे: विन्स्टनने, म्हणजे कादंबरीच्या नायकाने.

कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी आहे, आणि असे निवेदन सर्वज्ञ असते ही समजूत आपल्यात शाळेपासून इतकी मुरलेली असते की हा निवेदक विन्स्टन स्मिथच्या मनाबाहेर पाऊलच टाकत नाही, हे ध्यानात येत नाही. सत्ताधारी पक्षाचा वरिष्ठ सदस्य ओब्रायन मनातून पक्षाच्या विरोधात असावा, ही विन्स्टनची केवळ आशा आहे. तिला आधार आहे तो क्षणभराच्या नजरभेटीचा आणि सात वर्षांपूर्वीच्या एका स्वप्नाचा. तरीही आमच्यापैकी नऊजणांनी कार्डावर ओब्रायनला मित्र ठरवले होते.

सर्वांत रंगला तो दुसरा रविवार. पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात विन्स्टन कँटीनमध्ये बसल्या बसल्या स्वतःच भाकिते करतो: सहकारी साइम नाहीसा होईल, म्हणजे पक्ष त्याला गायब करील, कारण तो अतिहुशार आहे; शेजारीण मिसेस पार्सन्स, विन्स्टन स्वतः आणि ओब्रायनही नाहीसे होतील; तिचा नवरा पार्सन्स आणि ती काळ्या केसांची मुलगी मात्र कधीच होणार नाहीत. बाईंनी ही यादी फळ्यावर लिहून ठेवली आणि पुढचे रविवार आम्ही तिच्यासमोर खुणा करत गेलो. साइमचे भाकीत खरे ठरते. पण निष्ठावंत पार्सन्स कोठडीत येऊन पडतो, तोही स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीने चुगली केल्यामुळे. काळ्या केसांची मुलगी म्हणजे ज्युलिया विन्स्टनबरोबरच पकडली जाते. आणि ओब्रायन तर पकडणाऱ्यांचाच निघतो. ज्या माणसाच्या डोळ्यांवर आपण सगळी भिस्त ठेवली आहे, त्याला माणसे कितपत ओळखता येतात, याचा पुरावा लेखकाने कँटीनच्या टेबलावर उघडा मांडून ठेवला होता, आणि आम्ही बाराही जणांनी ते पान सहज उलटले होते.

माझे स्वतःचे एक कार्ड मी जपून ठेवले आहे. जुन्या वस्तूंचे दुकान चालवणारे चॅरिंग्टन विन्स्टन आणि ज्युलियाला संकटात लपवतील, असे मी लिहिले होते, ‘कशावरून’पुढे होते, “जुन्या गोष्टींवर त्यांचे प्रेम आहे.” पोवळे असलेला काचेचा पेपरवेट, भिंतीवरचे चर्चचे चित्र, दुकानावरची, टेलिस्क्रीन (पाळत ठेवणारा पडदा) नसलेली वाटणारी खोली, या सगळ्यांची ओढ विन्स्टनची होती, ती मी चॅरिंग्टनच्या पदरात घातली होती. पुढे ते चित्र खाली पडून मागचा टेलिस्क्रीन उघडा पडतो, तेव्हा बाईंनी आम्हाला मागे नेऊन एक वाक्य दाखवले. त्या चित्रामागे नक्की ढेकूण असतील, कधीतरी ते काढून नीट पुसायला हवे, असे ज्युलिया सहज बोलून गेलेली असते. विन्स्टन ते मनावर घेत नाही, म्हणून आम्हीही घेतले नाही.

पक्षाचा शत्रू म्हणून कादंबरीत येणाऱ्या गोल्डस्टीनच्या ग्रंथातली लांबलचक प्रकरणे वर्गात वाचण्यात एक अख्खा रविवार गेला; ती घरी वाचायला सांगता आली असती. त्याचा फटका शेवटी परिशिष्टाला बसला, आणि ही माझी या वर्गाबद्दलची खरी तक्रार आहे. न्यूस्पीक या पक्षाने घडवलेल्या भाषेवरचे, कादंबरीच्या शेवटी येणारे ते परिशिष्ट भूतकाळात लिहिलेले आहे, त्यात विन्स्टनची नजर नाही, आणि न्यूस्पीक ही ओशिआनियाची, म्हणजे विन्स्टनच्या देशाची, अधिकृत भाषा ‘होती’ असे सांगणारा हा निवेदक कोण, कुठल्या काळातून बोलतो, यावर कादंबरीचा शेवट किती काळोखा मानायचा हे अवलंबून राहते. सभासदांना पुस्तके पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबने ते वगळण्याची सूचना केली असता ऑर्वेल यांनी १९४९ मध्ये ठाम नकार दिला होता. अशा मजकुराला शेवटची वीस मिनिटे मिळाली, आणि त्यावर कार्ड लिहून घेतलेच नाही.

ही कादंबरी आधी वाचलेल्यांनीही या वर्गाला जरूर जावे. मीही ती विशीत वाचली होती, तरी चित्रामागचे ढेकूण मला आठवत नव्हते. फक्त खुणा न केलेली कोरी प्रत न्यावी, कारण जुन्या अधोरेखनांमुळे आपले अंदाज आधीच फुटतात.