झेरमॅटची स्की ट्रिप, चौघं नवशिके

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालतच नाहीत, कार खाली टॅश गावात लावायची नि ट्रेनने वर, आधी वैताग वाटला पण पोचल्यावर जी शांतता आहे ना, तिथेच पैसे वसूल. सुनेगाच्या बिगिनर स्लोपवर पहिले दोन दिवस नुसती लोटांगणं, शेजारून पाच वर्षांची पोरं सुर्रकन जातायत आणि आपण पालथे. भाड्याच्या बुटांनी मात्र वाट लावली, दुकानवाल्याने एक साइझ लहान दिले, नडगी सोलवटली आणि बदलून घेण्यात अर्धा दिवस गेला. गोर्नरग्राटच्या डोंगरावर ट्रेनने नक्की जा, उंची ३०८९ मीटर, समोर मॅटरहॉर्न शिखर, आम्ही तिथे बसून डब्यातल्या गूळपोळ्या खाल्ल्या, थंडीने पार कडक झालेल्या. फॉन्ड्यू (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा) एकदाच बरं, महाग आहे राव!