फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं पोलाद) म्हणून विकलेलं बीड (ओतीव लोखंड): बॉल जॉइंट प्रेस किट घेताना माझी झालेली फसवणूक

गाडीचे सस्पेन्शन बुश (धक्के झेलणाऱ्या सांध्यातली रबरी कडी) किंवा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा) घरी बदलायचं मनात असेल आणि मोबाइलवर लाल पेटीतल्या ‘२१ पीस मास्टर प्रेस किट’ची रील फिरताना दिसत असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझे ३,८९९ रुपये गेले. पैसे परत देतो म्हणून आणखी उकळायचा प्रयत्न झाला तो वेगळाच.

माझी हॅचबॅक जुनी आहे. स्पीडब्रेकरवरून उतरली की पुढून खडखड आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. खाली वाकून पाहिलं तर लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेले उघड दिसत होते. गॅरेजवाला म्हणाला, पूर्ण आर्मच बदला. पण आर्म ठणठणीत होता. नुसते बुश काढून नवे बसवायचे, तर एक चांगली प्रेस, म्हणजे दाबून काढायचं-बसवायचं अवजार, हवी होती.

रीलमध्ये सगळं झकास. कंसाच्या आकाराची जाड फ्रेम, तिच्यात मोठा स्क्रू, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या. पाना फिरवला की जुना बुश सरकन बाहेर. खाली लिहिलेलं: ‘फोर्ज्ड स्टील, १०.९ ग्रेड, सर्व गाड्यांना चालेल.’ व्हॉट्सॲपवरचा माणूस बोलायला साखर. “दादा, तुम्ही स्वतः काम करता म्हणजे जाणकार आहात, तुम्हाला होलसेल रेट लावतो.” कॅश ऑन डिलिव्हरी मागितली, तर म्हणे पार्सल जड आहे, कुरिअरवाले कॅश घेत नाहीत. बिल पेटीतच येईल. बिल आलं नाही, हे सांगायला नकोच.

पेटी मात्र हाताला चांगलीच जड लागली, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या वजनावर चालतो. जड म्हणजे दणकट, असं आपण धरून चालतो. पेटीवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, कोणत्या देशातला माल तेही नाही. पॅकबंद मालावर हे सगळं, आणि आयात माल असेल तर देशाचं नावही, छापणं वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नसलं की उद्या तक्रार नेमकी कुणाच्या नावाने करायची, इथपासून अडतं.

आर्म व्हाइसमध्ये धरला, स्क्रूला ग्रीस लावलं आणि आवळायला लागलो. बुश हलायचं नाव घेईना. फ्रेम मात्र कडकन फुटली आणि तुकडा उडून शेजारच्या ऑइलच्या डब्यावर आदळला. पत्र्याला चांगला पोचा आला. डोळ्यांवर गॉगल होता, नाहीतर हे लिहायला मी बसलो नसतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करणारा एक मित्र आहे. त्याने तुकडा हातात घेतला आणि हसला. “भावा, फोर्जिंग कुठलं? बीड हाय हे. आमच्यात रोज ओतत्यात असलं.” फुटलेली जागा करडी, दाणेदार होती. त्याने कानस मारून दाखवली: काळसर भुगा पडला आणि बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखा माखला. बिडात ग्रॅफाइटच असतं, त्यामुळे. पोलादाचा चकचकीत कीस निघतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. आणि असल्या फ्रेममध्ये स्क्रू आवळला की फ्रेमच्या आतल्या कडेला ताणच बसतो. फोर्ज्ड फ्रेम आधी वाकते, दिसते, आपण थांबतो. बीड न सांगता फुटतं.

स्क्रूची गत तीच. १०.९ या आकड्यातल्या १० चा अर्थ किमान १,००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण सोसण्याची ताकद, आणि .९ चा अर्थ त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचं न ताणता टिकणं. खऱ्या हाय-टेन्साइल बोल्टच्या डोक्यावर या आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूणही असते. इथे नुसता आकडा ठोकलेला. जेमतेम जोर दिला तेवढ्यात आटे चेपले. नळ्यांना व्हर्निअर (बारीक माप घेणारी पट्टी) लावला, तर ४६ मिमी लिहिलेली नळी एका बाजूने ४५.१ आणि दुसऱ्या बाजूने ४६.४. नळीने बुशच्या बाहेरच्या लोखंडी कड्यावरच दाबायचं असतं. रबरावर किंवा आर्मवर टेकली की काम बिघडलंच.

‘सर्व गाड्यांना चालेल’ हे तर निव्वळ थापेबाजी. ही प्रेस जिथे बॉल जॉइंट दाबून बसवलेला असतो तिथेच कामाची. कित्येक गाड्यांत तो आर्मबरोबर अख्खा येतो, काहींत बोल्टने किंवा रिव्हेटने जोडलेला असतो. माझ्या गाडीत तो नकलमध्ये (चाक बसतं तो भाग) पिंच बोल्टने, म्हणजे आवळून धरणाऱ्या बोल्टने, धरलेला आहे, म्हणजे तिथे सेपरेटरचीही (घट्ट बसलेला सांधा सोडवायचं अवजार) गरज नाही. तो लागतो टाय रॉड एंडला, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याला. किटमध्ये त्यासाठी ठोकायचा दुबेळका काटा दिलाय, पण तो रबरी बूट फाडतो. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर ठीक, परत वापरायचा असेल तर स्क्रूने उचलणारा सेपरेटर घ्यावा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, जास्त जोर लावला असणार. मग पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तक्रार करतो म्हटल्यावर एकदम नरमला आणि क्यूआर कोड पाठवला: “स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल.” पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, तो फक्त पाठवायला लागतो. मी नकार दिला, त्याने ब्लॉक केलं.

बुशचं काम शेवटी लेथवाल्याकडे झालं. आर्म घरी खोलून नेला, त्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर काही मिनिटांत जुने बुश निघाले, नवे बसले. जुना बुश कोणत्या दिशेने बसलाय त्याची खूण काढण्याआधीच करून ठेवा. घरच्या कामाला गोटी पाने, लांब टॉमी, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आणि मजबूत जॅक स्टँड एवढं पुरतं. पैसे त्यात घाला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं टेकवून, गाडीचं वजन खाली आल्यावरच. गाडी लटकती असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ राहतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.

पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० वर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल नसलं तरी चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कुरिअरची चिठ्ठी आणि फुटलेला तुकडा जपून ठेवा. विक्रेत्याचा खरा पत्ता असेल तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. माझ्या विक्रेत्याचा पत्ताच खोटा निघाला.

तीच रील आता दुसऱ्या नावाच्या पेजवरून चालू आहे, भाव ३,४९९. फोटोत फ्रेमच्या मधोमध एक धुरकट पट्टा दिसतो. तिथे मूळ कंपनीचं नाव होतं, ते पुसलेलं आहे.