रनिंग-इन संपलं, आता ऑइल कोणतं? (आणि ती छोटी बाटली घ्यायची का)

१.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाचा सुरुवातीचा जपून चालवायचा काळ संपून १० हजार किमी झाले म्हणून सर्व्हिसला टाकली. ॲडव्हायजरने टॅबवर एस्टिमेट दाखवलं त्यात ऑइल आणि फिल्टरच्या खाली हळूच 'इंजिन ट्रीटमेंट' (तेलात ओतायची छोटी बाटली) घुसवलेलं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणे सर आता रनिंग-इन झालंय ना, आतून कोटिंग बसतं, इंजिन एकदम स्मूथ. मॅन्युअल गाडीतच होतं, काढून पान दाखवलं, सरळ लिहिलंय की तेलात वेगळं काही टाकू नका. मग "ऑप्शनल आहे सर". अरे ऑप्शनल होतं तर आधीच टिक कशाला केलं होतंस?

ऑइल मी स्वतःच नेलं होतं, नाना पेठेतून, मोबिल १ चं ०डब्ल्यू-२० (हा तेलाच्या जाडीचा ग्रेड, हे पातळ तेल). माझ्या मॅन्युअलमध्ये हाच ग्रेड आहे आणि डब्यामागे एपीआय एसपी आहे, म्हणजे तेलाच्या क्वालिटीचं स्टँडर्ड. एसपी २०२० साली आलं, आता त्यापुढचं एसक्यू पण आलंय, दोन्ही चालतात. सर्व्हिसवाले चालेल म्हणाले, फक्त जॉबकार्डवर ग्रेड लिहून घेतला आणि बिल मी जपून ठेवलंय, वॉरंटी आहे अजून.

बाबांचा जुना मेकॅनिक हे ऐकून हसला. एवढं पाण्यासारखं तेल, आपल्याकडच्या उन्हात काय टिकणार, जाड २०डब्ल्यू-५० टाका साहेब. त्याच्या काळच्या इंजिनांना ते बरोबरच होतं. पण आताच्या इंजिनात फटी बारीक, व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर हलतं, आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर तेल झटकन वरपर्यंत पोचायला हवं, तिथे जाड तेल रेंगाळतं. भर मे महिन्यात चार माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी घाट चढवला, टेम्परेचर काही हललं नाही.

राहिली ती बाटली. चांगल्या ऑइलमध्ये कचरा धरून ठेवणारं, घासण्यापासून वाचवणारं सगळं कंपनीने मोजून घातलेलंच असतं. घासण्यापासून वाचवणारं जे झिंक-फॉस्फरसचं प्रकरण असतं त्यातला फॉस्फरस या ग्रेडमध्ये ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत कारण तो धुरातून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर साफ करणारं यंत्र) खराब करतो. आता त्यावर आपण अजून एक बाटली ओतली तर ते मोजमाप गेलं ना. आणि 'कोटिंग' म्हणाल तर अमेरिकेत स्लिक ५० नावाचं टेफ्लॉनवालं असंच धडाक्यात खपायचं, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये त्याच्या जाहिरातींवर केस केली, पुढच्या वर्षी सेटलमेंट झाली. लोक मात्र अजून घेतातच.

मोबिलचं म्हणाल तर ४ हजार किमी झाले, सकाळची पहिली दोन-तीन सेकंदांची खरखर कमी वाटते, मायलेज होतं तेवढंच आहे, कोणी वाढतं म्हणाला तर मला तरी दिसलेलं नाही. लेव्हल होती तिथेच. ऑइल थोडं काळं झालंय, व्हायलाच पाहिजे, कचरा धरतंय म्हणजे. महाग आहे हे मात्र खरं. घेताना झाकणाचं सील बघा आणि पक्कं बिल मागा, बिल नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, नाना पेठेत दुकानांना तोटा नाही. आणि टर्बो किंवा डिझेल असेल तर माझा ग्रेड कॉपी करू नका प्लीज, स्वतःचं मॅन्युअल उघडा.