२०२४ चे हिपहॉप अल्बम नंबरात लावलेत, आणि केंड्रिक तिसरा आहे

आधी नियम सांगतो. यादी फक्त पूर्ण अल्बमची आहे, एकटं गाणं कितीही गाजलेलं असलं तरी ते यात धरलेलं नाही, म्हणून आपल्या रॅपर हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्स' इथं सापडणार नाही, जे जुलैत आलं आणि मौत का कुआँमधल्या त्या गाड्यांसकट जगभर पोचलं, मला ते जाम आवडतं पण ते एक गाणं आहे, विषय संपला. दुसरा नियम असा की अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत फोनला हात न लावता ऐकावासा वाटला पाहिजे. नाशिकरोडवरून सिटीलिंक पकडली की द्वारकेचं ट्रॅफिक धरून कॉलेज रोडला पोचेपर्यंत मध्यम लांबीचा अल्बम आरामात संपतो, माझं बरंचसं ऐकणं तिथंच होतं, आणि खरं सांगतो, बसमध्ये अडकून पडलेल्या माणसाला अल्बम कुठं सैल पडलाय ते बरोबर कळतं.

हे वर्ष सगळ्यांच्या लक्षात राहिलंय ते भांडणामुळे. २२ मार्चला रॅपर फ्यूचर आणि निर्माता मेट्रो बूमिनचा 'वी डोन्ट ट्रस्ट यू' आला, त्यातल्या एका गाण्यात केंड्रिक लमारनं ड्रेक आणि जे कोल ह्या रॅपरांना डिवचलं, मग दोन्हीकडून गाण्यांवर गाणी, आणि ४ मेला केंड्रिकचं 'नॉट लाइक अस' आल्यावर निकाल लागल्यातच जमा होता. मजा आली, नाही कशाला म्हणू, पण त्या गोंधळात लोक आख्खे अल्बम ऐकायचेच राहून गेले आणि माझी खरी तक्रार तीच आहे, कारण अल्बमांच्या बाबतीत २०२४ खूप तगडं वर्ष होतं.

तर केंड्रिक तिसरा. 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबरला आला, आधी कसली जाहिरात नाही, तारीख नाही, सरळ अल्बमच. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खलास. नाव ब्युइक ह्या अमेरिकन कंपनीच्या १९८७ च्या गाडीवरून घेतलंय आणि अल्बमही गाडीतच ऐकायचा आहे, बेस नीट असेल तर गंगापूर रोडला संध्याकाळी काच खाली करून लावा, कळेल मी काय म्हणतोय ते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की एवढा मोठा झालेला माणूस लॉस एंजेलिसच्या पोरांना, ज्यांची नावं आपल्याकडं कुणी ऐकलेली नाहीत, अल्बमवर घेतो आणि त्यांना त्यांच्याच ढंगात बोलू देतो. अल्बमची सुरुवातच डेरा बरेरा ही मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं लोकसंगीत, गाणारी बाई करते, स्पॅनिशमध्ये, आणि अंगावर काटा येतो. 'रिइनकार्नेटेड' मध्ये तो टुपाकच्या जुन्या गाण्याचा तुकडा घेऊन आधीचे जन्म सांगत सांगत थेट देवाशी वाद घालायला लागतो, बाप-लेकाचं भांडण असावं तसं, तेवढं एक गाणं कुणाच्याही आख्ख्या अल्बमला भारी आहे. मग तिसरा का? कारण मधली दोन-चार गाणी जिंकल्याच्या आनंदात केलेली आहेत, आणि ज्याला मागचं भांडण माहीत नाही त्याच्या हातात त्यातलं निम्मंच लागतं.

चौथा टायलर, द क्रिएटर, 'क्रोमाकोपिया'. सगळे शुक्रवारी अल्बम काढतात, ह्यानं सोमवारी काढला, २८ ऑक्टोबर, म्हणजे लोकांनी आठवड्याच्या सुरुवातीला कामावर जाताना ऐकावा म्हणून. आख्ख्या अल्बमभर त्याच्या आईचा आवाज आहे, ती मधे मधे येऊन सल्ले देते, रागावते, आणि 'लाइक हिम' मध्ये, जिथं तो बापाविषयी विचारतोय, तू त्याच्यासारखाच दिसतोस असं ऐकत मोठा झालेला पोरगा, तिथं ती शेवटी कबूल करते की चूक माझी होती, त्याला तुझ्याजवळ राहायचं होतं. हे ऐकून मी पुढचं गाणं लगेच लावलंच नाही, थांबलो. 'नॉइड' मध्ये झांबियाच्या एनगोझी फॅमिली बँडचं सत्तरच्या दशकातलं सँपल, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा, आहे, ते मूळ पण शोधून ऐका, गिटार वेड लावते. शेवटाकडं अल्बम थोडा रेंगाळतो, नाहीतर वर गेला असता.

पाचवी रॅप्सडी, 'प्लीज डोन्ट क्राय', १७ मे. बावीस ट्रॅक आहेत, लांबलाय, पण लिहिण्यात ह्या वर्षी फार थोडे लोक तिच्या जवळ येतात. गायिका एरिका बाडूसोबतच्या '३:एएम' ला ग्रॅमी मिळालं, बरं झालं, पण तिचा सगळा अल्बमच ऐकायचा आहे, तिच्यावर रेडिओवाले कायम अन्याय करतात असं माझं मत आहे. सहावा विन्स स्टेपल्सचा 'डार्क टाइम्स', तेरा ट्रॅक, पस्तीसेक मिनिटं, एक वाक्य जास्तीचं नाही. कॅलिफोर्नियातल्या आपल्या लाँग बीच गावाविषयी इतक्या थंड आवाजात इतकं दुःख बोलणारा दुसरा कोणी नाही, डेफ जॅम ह्या रेकॉर्ड कंपनीसोबतचा त्याचा हा शेवटचा अल्बम. आठवा स्कूलबॉय क्यू, 'ब्लू लिप्स', पाच वर्षांनी परतला आणि गाण्याच्या मधेच बीट असा बदलतो की आपण दुसऱ्या गाण्यात कधी गेलो ते कळत नाही.

सातव्याविषयी थोडं बोलतो. १२ जुलैला एकाच दिवशी दोन अल्बम आले, एमिनेमचा 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' आणि कॉमन व पीट रॉकचा 'द ऑडिटोरियम व्हॉल्यूम १'. गर्दी सगळी पहिल्याकडं गेली. एमिनेमचं यमक जुळवणं आजही थक्क करतं, पण त्या अल्बममध्ये तो पंचवीस वर्षांपूर्वीच्या खोड्या पुन्हा काढतो, आणि मला त्यात नवीन काही सापडलं नाही म्हणून तो यादीत नाही. उलट कॉमन आणि पीट रॉक दोघंही पन्नाशी ओलांडलेले, नव्वदीच्या सुरुवातीपासून काम करणारे, आणि त्यांनी तरुण दिसायची कसलीच धडपड केली नाही, जुन्या सोल रेकॉर्डचे तुकडे, घट्ट ड्रम, आणि वर एक समाधानी माणूस बोलतोय. रविवारी सकाळी लावा, घरातले मोठे पण बंद कर म्हणणार नाहीत.

दुसरा नंबर डोईची. 'अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील', ३० ऑगस्ट, एकोणीस ट्रॅक. फ्लोरिडातल्या टॅम्पाची पोरगी, अल्बमवर मगर आहे ती तिथल्या दलदलीतली. ह्याला पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हे मिळालेली ती फक्त तिसरी बाई, आधी फ्यूजीज ह्या ग्रुपमध्ये असताना लॉरिन हिल आणि मग कार्डी बी, एवढ्या वर्षांत फक्त तीन, ह्याचा राग यायला पाहिजे. 'डिनायल इज अ रिव्हर' मध्ये ती स्वतःच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते, दोन आवाज, आपल्या फडातल्या सवाल-जवाबासारखं, फक्त दोन्ही बाजूला तीच उभी. प्रश्न विचारणारी खोदत जाते, उत्तर देणारी टाळत जाते, धोका दिलेला बॉयफ्रेंड, मग पैसा, मग नशा, आणि शेवटी जेव्हा बोलणं हाताबाहेर जातं तेव्हा ती विचारणारी म्हणते श्वास घे, आणि त्या श्वासाचाच ठेका होतो. नीट कान देऊन ऐका, श्वास आत, श्वास बाहेर, आणि कधी ती रॅप करायला लागली ते कळतच नाही. असं काही ह्या वर्षी दुसऱ्या कुणी केलं नाही. उत्तरार्धात गाणी गोड होत जातात आणि पहिल्या भागाची धार थोडी उतरते, तेवढ्यानं पहिला नंबर हुकला.

आणि पहिला. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा रॅपर, 'का' (Ka) नावाचा, खरं नाव कसीम रायन, अल्बम 'द थीफ नेक्स्ट टू जीझस', ऑगस्ट २०२४. हा माणूस न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होता. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात अल्बम, बीट बहुतेक स्वतःच करायचा आणि विकायचाही स्वतःच, स्वतःच्या वेबसाइटवर. प्रत्येक अल्बमला तो एकच प्रतिमा घ्यायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही, एकात बुद्धिबळ, एकात सामुराई, एकात ग्रीक पुराणं, २०२० च्या 'डिसेंडंट्स ऑफ केन' मध्ये बायबलातला भाऊ मारणारा भाऊ. आणि २०२४ मध्ये त्यानं चर्च घेतलं. गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या गाण्यांची सँपलं, प्रवचनांचे तुकडे, आणि त्यावर एक प्रश्न, की ज्यांनी आमच्या पूर्वजांना गुलाम केलं त्यांचाच धर्म आम्ही इतक्या श्रद्धेनं का धरून बसलोय, आणि त्यानं आम्हाला दिलं काय.

हा प्रश्न अमेरिकेतला आहे, पण नाशिकच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, तो वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही, आणि मग १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या शहरात हे घडलं तिथं हा अल्बम ऐकताना प्रत्येक ओळ जवळची वाटते. कसीमची गोष्ट वेगळी आहे हेही सांगतो, तो कुठला निर्णय जाहीर करत नाही, त्याच्या घरातल्या बायकांची श्रद्धा त्याला खरी वाटते, तिची तो टिंगल करत नाही, तो फक्त हिशोब मागतो, आणि तेही आवाज न चढवता, जवळजवळ कुजबुजत.

माझा मावसभाऊ ढोल पथकात वाजवतो, त्याला हेडफोन दिले. अर्धं गाणं झाल्यावर म्हणाला, "दादा, ह्यात ठेकाच नाही ना." बरोबर आहे, बऱ्याच गाण्यांत ड्रम जवळपास नाहीतच, कसीम आणि न्यूयॉर्कचाच रॅपर रॉक मार्सियानो ह्या दोघांनीच ही बिनड्रमची पद्धत रुजवली. त्याला म्हटलं शब्दांवर बोट ठेव. त्यानं गुडघ्यावर बोट आपटायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं बोट बरोबर यमकांवर पडायला लागलं, कारण हा माणूस वाक्य कुठं तोडायचं आणि कुठं दम घ्यायचा ह्यातूनच ताल धरतो. नाशिक ढोल वाजवणाऱ्या पोराला जे ऐकू आलं ते कुणालाही येईल, फक्त तेवढा वेळ द्यावा लागतो. बसमध्ये, स्वयंपाक करताना, जिममध्ये असा हा अल्बम चालत नाही, मीही हा एकच बसमध्ये ऐकला नाही, रात्री घरी ऐकला, आणि इंग्रजीवर अडत असाल तर ओळी समोर ठेवून ऐका, एकेका ओळीत दोन-दोन अर्थ बसवलेत.

अल्बम आला आणि दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते, १२ ऑक्टोबरला कसीम रायन गेला, वय ५२. तो गेला म्हणून पहिला नंबर दिलाय असं कुणी म्हणेल तर तसं नाही, मी हा अल्बम तो असतानाच पहिला धरला होता आणि नंतर आलेल्या टायलर आणि केंड्रिकला पण तो हलवता आला नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी 'डिसेंडंट्स ऑफ केन' ऐकावा, तो थोडा सोपा आहे आणि त्याच्या बोलण्याची सवय होते, आणि मग ह्याच्याकडं यावं.