विंडवेन रिव्ह्यू: दोघांनीच बोट घेऊन किनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं असेल तर

शिडाच्या बोटीवर तुम्ही दोघंच राहत असाल आणि थंडी पडायच्या आत किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकायचा बेत असेल तर सोलर पॅनल, वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र), नवीन शिडं या सगळ्याच्या आधी विंडवेन, म्हणजे वाऱ्याच्या दिशेवरून बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र, बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही नवरा-बायको बोटीवरच राहतो, खाली येताना बहुतेक अंतर याच्याच भरवशावर कापलंय, आणि दर बंदरात कोणीतरी विचारतंच की ऑटोपायलट असताना मागे हे स्टीलचं धूड कशाला लावलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचं सर्वो-पेंड्युलम प्रकारचं आहे. वर प्लायवूडचं एक पातळ पातं असतं, ते तुम्ही वाऱ्याच्या दिशेत लावून ठेवायचं. बोट कोर्सवर असली की वारा पात्याच्या कडेवर येतो आणि ते उभंच राहतं. बोट जरा फिरली की वारा त्याच्या अंगावर येतो, पातं कलतं, आणि त्या कलण्याने खाली पाण्यात असलेलं पॅडल थोडंसं वळतं. आता खरी मजा इथे आहे, वळलेल्या पॅडलवर वाहत्या पाण्याचा दाब येतो आणि ते लंबकासारखं एका बाजूला जोरात ढकललं जातं, त्याला बांधलेल्या दोऱ्या टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, ओढतात आणि बोट परत जागेवर. म्हणजे वारा फक्त कुठे वळायचं ते सांगतो, ताकद सगळी पाण्याची. बोटीचा वेग वाढला की ओढही वाढते, त्यामुळे वाऱ्याचा जोर वाढला की हे जास्त चांगलं चालतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाचे हात दुखायला लागलेले असतात.

ही पेंड्युलमची युक्ती ब्लॉन्डी हॅस्लर या ब्रिटिश खलाशाच्या नावाने ओळखली जाते. 1960 मध्ये एकट्याने अटलांटिक पार करायची पहिली रेस झाली, त्यात हॅस्लर दुसरा आला आणि जिंकलेल्या फ्रान्सिस चिचेस्टरच्या बोटीवरही विंडवेनच होतं, त्याने त्याला मिरांडा असं नाव दिलं होतं. आजही गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट चालत नाही, 2022 ला निघालेल्या रेसमध्ये आपला अभिलाष टॉमी अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून दुसरा आला तो विंडवेनवर. त्यामुळे हे जुनाट आहे असं कोणी म्हटलं की मला पटतच नाही.

दोघांसाठी हे का महत्त्वाचं तर झोप. रात्री आम्ही तीन-तीन तासांच्या पाळ्या करतो. हाताने सुकाणू धरायचं म्हटलं तर तीन तासांनी माणूस पिळून निघतो, झोपायला गेला तरी अंग आखडलेलं असतं आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत दोघंही एकमेकांवर खेकसायला लागतात (जोडीने बोटीवर राहणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे, बोलत कोणी नाही). विंडवेन चालू असलं की पाळीवरचा माणूस फक्त नजर ठेवतो, शिडं बघतो, चार्टवर खूण करतो, चहा करतो. मी उठून वर आले की नवरा पुष्कळदा म्हणतो, "झोप गं अजून अर्धा तास, सगळं नीट चाललंय," आणि ते खरंच नीट चाललेलं असतं.

पण नजर ठेवावीच लागते. 20 नॉटने (म्हणजे ताशी 20 सागरी मैलांनी) येणारं जहाज 6 सागरी मैल 18 मिनिटांत कापतं. एआयएस (आसपासची जहाजं रेडिओवरून स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) असलं तरी मासेमारीच्या सगळ्या होड्या त्यावर दिसत नाहीत आणि किनाऱ्याजवळ त्याच जास्त असतात. आम्ही दर दहा मिनिटांचा टायमर लावतो, पाळीवरच्याने उठून चारी बाजूंना बघायचंच.

विजेचा मुद्दाही मोठा आहे. ऑटोपायलट सरासरी 3 अँपिअर खातो असं धरलं तरी 24 तासांत 72 अँपिअर-तास होतात, दोन दिवस ढग आले की त्या विजेसाठी इंजिन सुरू करावं लागतं. विंडवेनला शून्य. आणि आवाज नाही, ऑटोपायलटची ती घुर्र-घुर्र रात्रभर डोक्याशी ऐकत झोपून बघा मग कळेल.

आता दक्षिणेकडे जाताना याची परीक्षा कुठे होते ते सांगते, कारण विकणारे हे नीट सांगत नाहीत. उन्हाळ्यात पोर्तुगाल किंवा कॅलिफोर्नियासारख्या पश्चिम किनाऱ्यांवर समुद्रावर हाय प्रेशर असतं आणि तापलेल्या जमिनीवर लो, त्यामुळे वारा बहुतेक उत्तरेकडून वाहतो. खाली जाणाऱ्यांची चंगळच, वारा पाठीशी. पण विंडवेनला कळतो तो बोटीवर जाणवणारा वारा. खरा वारा 12 नॉट असेल आणि तुम्ही 5 ने पळताय तर पात्यावर येतात फक्त 7. खरा वारा 8 वर आला आणि बोट 4 ने चाललीय तर उरले 4, आणि एवढ्यात पातं सुस्तावतं, त्यात मागून लाटा असल्या की बोट डोलते आणि पातं वाऱ्याने नाही तर डोलण्याने हलायला लागतं. मग पाण्यावर नागमोडी रेघ निघते. यावर उपाय आहेत. हलक्या वाऱ्यासाठी मोठं आणि वजनाला हलकं पातं वेगळं ठेवायचं. सरळ पाठीवर वारा घेण्यापेक्षा वीस-तीस अंश तिरकं जायचं आणि मधे जाइब करायची (मागून येणारा वारा दुसऱ्या बाजूला घेऊन वळायचं), अंतर वाढतं पण वेगही वाढतो आणि बोट शांत होते. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, लवकर रीफ करायचं (गुंडाळून लहान करायचं) किंवा उतरवूनच टाकायचं आणि पुढचं शीड पोलवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, बाहेर काढायचं, म्हणजे ओढ पुढून येते आणि बोटीला फिरायचा मोह कमी होतो. खरं सांगायचं तर विंडवेनबद्दलच्या निम्म्या तक्रारी या शिडांच्या बॅलन्सच्या तक्रारी असतात, टिलर हातात धरून जड लागत असेल तर विंडवेनलाही ती जडच लागणार.

किनाऱ्याजवळ दुसरा एक धोका आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विंडवेन होकायंत्राचा कोर्स पाळत नाही, वाऱ्याशी असलेला कोन पाळतं. वारा हळूहळू फिरला की बोटही तितकीच गुपचूप फिरते. भूशिराजवळ वारा वाकतो आणि जोरही धरतो, संध्याकाळी समुद्रावरचा वारा पडून रात्री जमिनीवरून येतो, आणि शिडं तर मस्त भरलेली दिसतात, काही बिनसलंय असं वाटतच नाही, फक्त किनारा जवळ यायला लागलेला असतो. म्हणून जीपीएसवर ठरलेल्या रेषेपासून किती बाजूला गेलं की अलार्म वाजेल ते लावूनच ठेवायचं आणि रात्री किनाऱ्यापासून जास्त लांबून जायचं.

इंजिनवर जाताना विंडवेनचा उपयोग नाही, वाराच नसतो. पण एक सुंदर जुगाड आहे, पात्याच्या जागी छोटा टिलर-पायलट (टिलर ढकलणारा लहान विजेचा ऑटोपायलट) जोडायचा, तो फक्त पात्याचं हलकं काम करतो, बाकी जोर पाण्याचाच. अगदी पडलेल्या वाऱ्यात बोट थोडी चालत असेल तर तो होकायंत्रावर कोर्स धरतो आणि वीज नगण्य खातो. आमच्याकडे हे बसवल्यापासून मोठा ऑटोपायलट फक्त बंदरात शिरताना लागतो.

मासेमारीच्या जाळ्यांचे आणि पिंजऱ्यांचे फ्लोट ही किनाऱ्यावरची कायमची कटकट. दोरी पॅडलमध्ये अडकली की काहीतरी तुटणार, म्हणून चांगल्या विंडवेनमध्ये मुद्दाम एक कमजोर नळी ठेवलेली असते, ती तुटते आणि बाकी यंत्र वाचतं. तिचे स्पेअर जवळ हवेतच आणि पॅडलला सेफ्टी लाइन बांधलेली हवीच, नाहीतर नळी तुटल्यावर पॅडल तळाला. नांगर टाकला की पॅडल वर उचलायचं, नाहीतर त्यावर शिंपले बसतात. बेअरिंग प्लास्टिकची असतील तर तेल-ग्रीस अजिबात नको, त्यात मीठ आणि धूळ चिकटते, गोड्या पाण्याने धुतलं की पुरे. दोऱ्या न ताणणाऱ्या घ्या, डायनीमाच्या, ताणणाऱ्या दोरीत निम्मी हालचाल वाया जाते.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. विंडवेनवर चाललेली बोट कोणी पाण्यात पडलं म्हणून थांबत नाही, आणि दुसरा माणूस आत झोपलेला असतो. आमचा नियम आहे, अंधारात कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेत) असलो तरी हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा पट्टा, बोटीला क्लिप केलेला, आणि जोडीदाराला उठवल्याशिवाय कॉकपिटच्या बाहेर पाय टाकायचा नाही. फडफडणारं शीड पाच मिनिटं फडफडू दे.

कोणासाठी नाही? हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) स्टीअरिंग असेल तर सर्वो-पेंड्युलम घेऊ नका, चालणार नाही. तिथे हायड्रोव्हेनसारखं स्वतःचं वेगळं सुकाणू असलेलं बघा, त्याला मुख्य स्टीअरिंगशी जोडावंच लागत नाही आणि मुख्य सुकाणू गेलं तर तेच आणीबाणीला कामाला येतं, हा मोठा फायदा. चाकवाल्या बोटीवर सर्वो-पेंड्युलम बसतं, पण चाक बोटाने फिरेल इतकं सैल हवं. मागे डिंगी (छोटी होडी) टांगायचे दांडे असतील तर आधी जागा मोजा. आणि तुमचा प्रवास दिवसा चार-पाच तास, तोही नद्या-कालव्यांतून असेल तर याची गरजच नाही, टिलर-पायलट भरपूर झाला.

सेकंड हँड घेत असाल तर एरीज, मॉनिटर ही जुनी नावं बाजारात फिरत असतात, दोन्हीचे पार्ट अजून मिळतात. एरीजचं अंग अॅल्युमिनियमचं, त्यात स्टीलचे बोल्ट गंजून जॅम झालेत का ते विकत घ्यायच्या आधी स्वतः पाना लावून बघा. पातं हाताने कलवून पॅडलपर्यंत हालचाल न अडखळता पोचते का बघा, मधे खडखड ढिलाई जाणवली तर बुश झिजलेत, ते बदलता येतात. वाकलेली चौकट मात्र घेऊ नका.